क करवंदाचा

"बाई, भाकर दे ना!" छोटी बाया बोलून गेली आणि जीभ चावून हसली. पण चुलीपुढे बसलेल्या मंगलचा हात तव्यावरच थबकला... बाई! पोटच्या पोरीने आपल्याला बाई म्हणावं!

बाई म्हणजे अनिता, मंगलची सख्खी धाकटी बहीण. यंदा जूनमध्ये ती वाडीच्या शाळेवर शिक्षिका म्हणून आली आणि बाया तिच्याच हाताखाली पहिलीत बसली. आई गेल्यावर जिच्यासाठी मंगलने पहिलीतच पाटी खाली ठेवली, जिला कडेवर घेऊन घर सांभाळलं, तिनेच आता आपल्या लेकीचं काळीज बळकावलं, या मत्सराने मंगलचं अंतःकरण आतल्या आत जळत होतं... पोर शाळेतलं काही म्हणून दाखवायला लागली की ही खेकसायची, "गप! तिचं नाव काढू नगं!"

आज मात्र हद्द झाली. नवरा, शिदू, खंडाळ्याच्या एका बंगल्यावर माळी होता. बायाला घेऊन तिकडेच राहायला जायचं, मंगलने ठरवून टाकलं.

"बंगल्याच्या आसपास कुटली आलीया शाळा? पयलीचं वरीस हाय पोरीचं," शिदू म्हणाला.

"न्हाई शिकली तर मरत न्हाई. मी मेले का?"



दुसऱ्या दिवशी पोरीचं नाव काढायला मंगल तरातरा शाळेत निघाली. सहा महिन्यांत तिने त्या उंबऱ्यावर पाऊल ठेवलं नव्हतं. व्हरांड्यातच तिच्या कानावर पोरांचा गलका आला,

"क करवंदाचा! ख खेकड्याचा! ग गवरीचा! घ घोंगडीचा!"

मंगल जागच्या जागी उभी राहिली... पुस्तकात क कमळाचा होता, पण खरं कमळ तिने कधी पाहिलंच नव्हतं. म्हणून चुलीतली राख पसरून, तिच्यात काडीने अक्षरं काढून तिने चिमुरड्या अनिताला हेच तर शिकवलं होतं!

"ताई! तू?" अनिता धावत बाहेर आली.

"पोरीचं नाव काढ... मी तिला..." मंगलने वर्गाकडे हात केला. "हे तर माझं हाय गं, अने!"

"तुझंच आहे, ताई! कमळ म्हटलं की ही पोरं नुसती बघत बसतात. करवंद म्हटलं की पहिल्याच दिवशी बोलायला लागतात. मलाही तूच बोलतं केलंस... पण तू घोंगडीपाशीच थांबलीस गं! पुढचं तुझं शिकणं राहिलं, माझ्यापायी!" अनिताला हुंदका आवरेना.

"आन् मी तुझ्यावर जळत व्हते गं! सहा महिनं जळत व्हते!" मंगलने तिला घट्ट उराशी धरलं. "ऱ्हाऊ दे पोरीचं नाव. तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे."

डोळे पुसत अनिताने तिचा हात धरून तिला वर्गात आणलं आणि आपल्या खुर्चीवर बसवलं.

"मुलांनो, उभे राहा. या माझ्या बाई."

अठरा पोरं उठली. "नमस्ते, बाई!"

त्यात सगळ्यांत मोठा आवाज बायाचा होता.