पांढऱ्या पडद्यावरच्या रिकाम्या ओळी

समुद्रतळावरच्या शंखिनी केंद्राच्या नियंत्रण कक्षात यमुना केळुसकर दोन दिवसांनी आपल्या आज्ञापटलासमोर बसल्या होत्या. परवा सारंग या तरुण पाणबुड्याच्या दालनातली हवा विरळ होत गेली, यंत्राने इशाऱ्यांमागून इशारे दिले आणि यमुनाताईंना त्यांतला एकही दिसला नाही. सारंग थोडक्यात बचावला. केंद्रप्रमुखांनी मात्र बजावले होते, की पुन्हा चूक झाली तर कायमचे किनाऱ्यावर.

आज्ञापटल म्हणजे केंद्राशी बोलायची जागा. इकडून हुकूम टाइप करायचा, तिकडून यंत्र शब्दांतच उत्तर देते. शिरस्ता असा, की पाळीवर येणाऱ्याने अंगठा टेकवला की ज्याच्या त्याच्या आवडीची रंगसंगती उमटायची. सगळ्यांचा पडदा काळा, एकट्या यमुनाताईंचा पांढरा. धुतलेले धोतर वाळत घातलेय, असे संगणकव्यवस्था सांभाळणारा इब्राहिम मुकादम चिडवायचा.

आज तो चिडवत नव्हता. "इशारे पिवळे होते, ताई. पांढऱ्या कागदावर पिवळ्या खडूनं लिहिलं तर काय दिसणार?"

"मला वाटलं, मध्ये रिकाम्या ओळी सोडल्यात."

"आणि यंत्राला वाटलं, तुम्ही वाचलंत."

त्याने शांतपणे समजावले. प्रणाली फक्त रंगाचे नाव सांगते: हे पिवळ्यात लिही, ते हिरव्यात. मागचा पडदा कसा आहे, हे ती विचारतच नाही. प्रणाली लिहिणाऱ्याचा पडदा काळा असेल, तर तो सगळ्यांचा काळाच धरून चालतो.

यमुनाताईंनाही कारण होते. काळ्या पडद्यासमोर डोळ्याची बाहुली रुंदावते आणि त्यांच्यासारख्या थकलेल्या डोळ्यांत उजळ अक्षरांच्या कडा पसरतात. पांढऱ्यावर बाहुली आकसते, अक्षर रेखीव दिसते. पण सारंगचा काळवंडलेला चेहरा त्यांच्या नजरेपुढून हलत नव्हता. त्यांनी वाद घातला नाही.

"कर काळा."

मुकादमने त्यांची रंगसंगती बदलली, मगच त्यांनी पाळीचा अंगठा टेकवला. परवापासूनच्या पिवळ्या ओळी उजळून उठल्या. पसरट, पण वाचता येण्याजोग्या. आता काही सुटायचे नाही, असे म्हणून तो उठू लागला. यमुनाताई मात्र वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचत होत्या.

"निळ्या कुठे गेल्या?"

"कसल्या निळ्या?"

"गळतीच्या. सांध्यातून पाणी झिरपलं की गडद निळी ओळ येते. माझ्या पाळीत एखादी असतेच. मी जाऊन सांधा आवळते."

मुकादम परत खाली बसला. इतकी वर्षे तो या पटलासमोर बसत आला होता, निळी ओळ त्याने एकदाही पाहिली नव्हती. "आम्ही म्हणायचो, बाईंना पाना घेऊन फिरायची खोड आहे," तो हळूच म्हणाला. "गळतीचा भाग नंतर दुसऱ्या लोकांनी लिहिला."

"त्यांचे पडदे पांढरे असतील."

दोन दिवस यमुनाताई इथे बसल्या नव्हत्या. मुकादमने पडदा पांढरा केला. पिवळे इशारे पुसले गेले आणि त्यांच्या मधल्या जागांतून निळ्या ओळी वर आल्या, एकीखाली एक, पडदाभर. प्रत्येकीत एकच नाव होते: नियंत्रण कक्ष.

यमुनाताईंनी वाकून खुर्चीखाली हात लावला. लादी ओली होती.

"सगळ्यांना वरच्या दालनात ने," त्या पाना उचलत म्हणाल्या. "आणि जाताना हा पडदा असाच राहू दे. मला वाचायचंय."