बुडालेल्या गावातली माणसं

"ही तुझी भुतं आधी माझ्या घरातून बाहेर काढ! आज, आत्ताच्या आत्ता!"

बाबा दारात उभे होते. गळ्यात मापाची टेप, हातात कात्री, आणि डोळ्यांत असा अंगार, की थोरलीच्या हातातला केसाएवढा बारीक ब्रश जागच्या जागी थबकला. पण त्या शब्दांचा घाव तिला लगेच जाणवलाच नाही... कारण नऊ वर्षांत पहिल्यांदा बाबा तिच्याशी बोलले होते! 'तुझी' म्हणाले होते! नऊ वर्षं ते बोलायचे ते समोरच्या भिंतीशी. "साखर संपलीय." "छत्री कुठे गेली कोण जाणे." आणि भिंतीच्या वतीनं थोरली मुकाट्यानं साखर आणायची, छत्री शोधून दारामागे टांगायची. आज त्यांनी शिवी दिली असती, तरी तिनं ती ओंजळीत झेलली असती.

"धाकटी येतेय शनिवारी," बाबा म्हणाले. "सातवा सरलाय तिचा. जावई जहाजावर, चार महिने यायचा नाही. त्या पोरीच्या नजरेला हे असलं अभद्र पडता कामा नये. एकदा भोगलंय या घरानं. तेवढं पुरे."

"हो, बाबा."

दुसरं काय बोलणार होती ती?

टेबलावर अंगठ्याएवढ्या आकृत्या उभ्या होत्या, बुचांवर चिकटवलेल्या. भुताखेतांचा एक खेळ असतो. टेबलावर पडक्या गावाचा देखावा मांडायचा, दोन खेळाडूंनी सात-सात, आठ-आठ आकृत्या घेऊन समोरासमोर बसायचं, फासे टाकत एकमेकांची माणसं मारायची. त्या खेळाच्या क्लबांसाठी थोरली आकृत्या जोडायची, रंगवायची. प्लॅस्टिकच्या चौकटीतून हातपाय, मुंडकी कापून काढायची, पात्यानं कडा खरवडायच्या, डिंकाचा थेंब लावून श्वास रोखून धरायचं, मग काळं अस्तर आणि त्यावर थरावर थर. या खेपेची मागणी मोठी होती. एक अख्खं बुडालेलं गाव! फुगलेला पोस्टमन, शेवाळानं भरलेला घंटा वाजवणारा, डोळ्यांच्या जागी शिंपले असलेली शिक्षिका... बत्तीस जणं. तिचा हात असा होता, की ती भुतं भयंकर दिसायची, आणि तरी पाहणाऱ्याला त्यांची कीव यायची. लोक विचारायचे, हे कसं जमतं तुम्हाला? ती हसून विषय बदलायची. भिंतीआडच्या माणसासोबत जगताना जे जे गिळलं होतं, ते सगळं तिनं त्या एवढ्याएवढ्याशा चेहऱ्यांत उतरवलं होतं, हे कुणाला आणि कसं सांगायचं!

संध्याकाळपर्यंत तिनं सगळा संसार गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत हलवला. पाण्याच्या टाकीला टेकून असलेली ती खोली, दुपारी तव्यासारखी तापायची.

शनिवारी धाकटी आली. एका हातानं कठडा आणि दुसऱ्या हातानं पोट धरत, धापा टाकत ती पहिल्याच दिवशी गच्चीवर पोचली.

"ताई, तुला इथे टाकलं त्यांनी? माझ्यासाठी?"

"टाकलं काय म्हणतेस? उजेड बघ किती आहे. आणि तू जिने चढत येऊ नकोस, वेडे!"

"येणार. काय करशील?" धाकटीनं स्टूल ओढलं आणि पाय पसरून बसली. लहानपणी आकृत्या जोडायचं काम तिचंच असायचं. तिनं चिमटा उचलला. "या पोस्टमनचा हात उलटा लावलायस तू."

"तो बुडून मेलाय. त्याला कुठे पत्रं वाटायचीत?"

दोघी हसल्या. हसता हसता थोरलीनं ट्रेमधली एक आकृती हळूच उचलून एप्रनच्या खिशात टाकली. पाळणा घेतलेली म्हातारी होती ती, आणि पाळणा रिकामा होता.

मग धाकटीचं हसणं एकाएकी विझलं.

"ताई, मी सांगते बाबांना. आता नाही सहन होत गं..."

"गप्प! शपथ आहे तुला. पोटात जीव आहे तुझ्या, आत्ता त्यांच्या रागाला सामोरी जाणारेस? नऊ वर्षं गेली. आणखी थोडी जातील."

त्या दोघींखेरीज जगात कुणालाच ठाऊक नव्हतं ते! आई तेव्हा छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेली. दुपारी दोनपासून तिच्याजवळ बसायची पाळी धाकटीची होती. सतरा वर्षांची अल्लड पोर. आईचा डोळा लागलेला पाहून ताईनं रंगवलेल्या आकृत्यांचा डबा घेऊन ती क्लबात एक डाव खेळायला सटकली. चार वाजता फोटो स्टुडिओतून थोरली घरी आली, तर आई पलंगाच्या कडेला अर्धी लोंबकळलेली, आणि औषधाची बाटली हातभर अंतरावर जमिनीवर... तेवढ्यात धाकटी दारात आली. तिचा चेहरा पाहून थोरलीच्या काळजाचं पाणी पाणी झालं. ही पोर हे घेऊन जगणार नाही! तिनं बहिणीच्या हातातला डबा काढून घेतला. आणि बाबा धावत घरी आले, तेव्हा त्यांना म्हणाली, "मी घरात होते, बाबा. हिला मीच बाहेर पाठवलं. गच्चीवरच्या खोलीत दार लावून रंगवत बसले. मला... ऐकू आलं नाही."

बाबा एवढंच म्हणाले होते, "ती हाका मारत गेली, आणि तू भुतांना रंग फासत बसलीस?" त्यानंतर भिंत.

थोरलीचं ठरलेलं लग्न मोडलं, नोकरी सुटली. बाबांचं जेवणखाण, दुखणीखुपणी करत ती त्याच घरात राहिली. धाकटीचं सगळं रीतसर झालं.

आठ दिवस धाकटी रोज वर येत राहिली. थोरली रोज रागवायची, रोज तिला हाताला धरून खाली पोचवायची. खाली बाबांची मशीन दिवसभर घरघरत असे. एवढीएवढीशी झबली, टोपडी, दुपटी... शिवून झालेलं प्रत्येक कापड ते स्वतःच्या गालाला लावून बघत, टोचतं की काय म्हणून.

नवव्या दिवशी सकाळी धाकटी उठली ती पांढरीफटक पडून. "ताई, रात्रीपासून हालत नाहीये गं."

दवाखान्यात दुपारपर्यंत सगळं आटोपलं. मुलगा होता. गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे होते. डॉक्टरबाईंनी हात जोडल्यासारखे करून सांगितलं, यात कुणाची चूक नाही, कशानंही टळलं नसतं.

पण बाबांच्या कानात ते शिरलंच नाही. वॉर्डाच्या दारात त्यांनी थोरलीला गाठलं.

"जिने चढवलेस तिला! रोज! त्या भुतांपाशी बसवलंस! आईला खाल्लंस ते कमी पडलं का गं तुला?"

थोरलीनं पलंगाकडे पाहिलं. धाकटी डोळे मिटून निपचित पडली होती. आता हिच्या अंगावर गव्हाच्या दाण्याएवढंही ओझं टाकायला नको... तिनं मान खाली घातली.

"चुकलं, बाबा. मीच बोलवत होते तिला वर."

"पुरे, ताई!"

ती किंकाळी होती! शेजारच्या पलंगावरची बाई दचकून उठून बसली. धाकटी कोपरांवर उठायचा प्रयत्न करत होती, चेहरा घामानं आणि आसवांनी भिजलेला.

"खोटं बोलतेय ती! रोज हाकलायची मला. आणि तेव्हाही खोटंच बोलली! आईपाशी मी बसायचं होतं, बाबा. मी क्लबात गेले होते! ताई घरात नव्हतीच. ती आली तेव्हा आई... आई गेलेली होती. माझ्या हातातला डबा तिनं काढून घेतला, आणि मी गप्प बसले. नऊ वर्षं गप्प बसले मी, बाबा!"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग वळले, आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. नर्सनं बाळाला गुंडाळून आणलं, तेव्हाही ते आत आले नाहीत. बाळाला पाहिलं ते दोघी बहिणींनीच.

घरी आल्यावर जे सुरू झालं, ते थोरलीनं स्वप्नातही कल्पिलं नव्हतं. बाबा तिच्याशी बोलू लागले! सकाळी उठल्याबरोबर, "थोरले, चहा घेतेस ना?" जेवताना, "आणखी वाढ गं स्वतःला." आणि धाकटीच्या खोलीवरून जाताना तोंड फिरवून, "तिला म्हणावं, औषधं टेबलावर ठेवलीत."

तो तोंड फिरवलेला आवाज थोरलीच्या ओळखीचा होता. त्या आवाजात तिची सगळी तरुणपणाची वर्षं गेली होती! ज्या एका हाकेसाठी तिचं मन आसुसलं होतं, ती हाक आता दिवसातून दहादा यायची, आणि प्रत्येक वेळी अंगावर चटका बसल्यासारखं व्हायचं.

धाकटी पलंगावर पडून असायची. छाती दुधानं दाटून दगड झालेली, पिणारं कुणी नाही. जेवणाचं ताट जसंच्या तसं परत यायचं.

"त्यांना काही सांगू नकोस, ताई. हे माझंच होतं. उशिरा आलं, एवढंच."

तिसऱ्या आठवड्यात, एका दुपारी बाबा गच्चीवर आले. हातात नवी शिवलेली उशी होती.

"तुझ्या स्टुलासाठी केली. आणि... तुझी खोली झाडून ठेवलीय. या मंडळींना खाली आण, पोरी. इथे पत्र्याखाली नको."

थोरलीनं ब्रश पाण्यात बुडवून ठेवला.

"मी नाही येणार, बाबा. आधी तिच्याशी बोला."

बाबांचा चेहरा कठोर झाला. "तिचं नाव काढू नकोस. तुझी नऊ वर्षं गिळली तिनं!"

"तिनं नाही. ती सतरा वर्षांची होती." थोरली उठून उभी राहिली. "तुम्ही गिळलीत, बाबा! दुपारी दोन वाजता रोज स्टुडिओत असणारी पोरगी त्या दिवशी घरी कशी, एवढंसुद्धा विचारलं नाहीत. मी म्हटलं आणि तुम्ही मानलंत. एका झटक्यात!"

बाबांनी दाराची चौकट धरली.

"मी कशी जगले, ठाऊक आहे? मला माहीत होतं, मी काही केलेलं नाही. उशीत तोंड खुपसून तेवढं तरी स्वतःला सांगता यायचं. तिच्याकडे तेही नाहीये हो! आई गेली, बाळ गेलं, आणि आता तुमचं हे गप्प राहणं... ती मरेल, बाबा. तिला मरू द्यायचं असेल, तर मग मी हे सगळं केलं कशासाठी?"

बाबा उशी तिथेच दारात ठेवून, कठडा धरत, एकेक पायरी चाचपत खाली गेले. थोड्या वेळानं तीही त्यांच्या मागोमाग उतरली, आणि धाकटीच्या दाराबाहेर उभी राहिली. आत पाऊल टाकायचं धैर्य तिला होईना.

बाबा पलंगाच्या पायथ्याशी बसले होते. त्यांनी चादरीवरून धाकटीच्या पावलावर हात ठेवला.

"मी बघितलंच नाही गं त्याला," ते म्हणाले. "रागानं बाहेर बसून राहिलो. माझा नातू... मी बघितलाच नाही. कसा होता?"

धाकटीनं कूस बदलली. एकवीस दिवसांत पहिल्यांदा तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

"केस होते खूप," ती कशीबशी म्हणाली. "काळेभोर. कपाळावर आलेले. आणि ओठ... ओठ आईसारखे..." पुढचं हुंदक्यात वाहून गेलं. बाबा वाकले आणि तिचं डोकं त्यांनी छातीशी धरलं. त्या म्हाताऱ्या खांद्यांना ते रडणं पेलत नव्हतं.

"आणखी सांग. आणखी काहीतरी सांग..."

धाकटीला बोलवेना. तेव्हा थोरली आत आली, दोघांच्या शेजारी जमिनीवर बसली, आणि नखांतला वाळलेला रंग कुरतडत हलक्या आवाजात म्हणाली,

"नखं पुरी झाली होती, बाबा. वीसच्या वीस. मी मोजली."