पुलावर काठी टेकवायची नाही

डोळे पुरते जायच्या आत तोकुजी ओनिशीला जपानच्या शिकोकू बेटाची प्रदक्षिणा उलट्या बाजूने, पायी, पूर्ण करायची होती. अठ्ठ्याऐंशी देवळांची ही वाट लोक एरवी सरळ क्रमानेच चालतात. लीप वर्षात मात्र काही जण उलटे निघतात. ज्यांच्या नावाची ही यात्रा ते संत कोबो दाइशी अजूनही ही वाट सरळ चालत असतात आणि उलट जाणाऱ्याला कुठेतरी समोरून भेटतात, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. तोकुजी तसा देवभोळा नव्हता. उभा जन्म निळीच्या रांजणांत हात बुडवून कापड रंगवलेला माणूस, नखं अजून निळीच. पण त्याने स्वतःशी सरळ विचार केला होता. दाइशी भेटायचेच असतील तर डोळे असताना भेटावेत. पुढच्या लीप वर्षापर्यंत डोळे टिकणार नाहीत, हे डॉक्टरने त्याला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. शिओरी ओसाकात मालाचा ट्रक चालवायची; रजा काढून ती सोबत चालत होती. बाबांना मोतीबिंदू आहे, यात्रेहून परतले की शस्त्रक्रिया, एवढंच तिला माहीत. तोकुजीला झाला होता तो काचबिंदू. कडेचं दिसणं केव्हाच गेलं होतं. मधली एक खिडकी उरली होती, आणि तीही आवळत चालली होती. आदल्या सकाळी शिओरी म्हणाली, "काकीफळांचं झाड बघा कसं लगडलंय!" तेव्हा त्या नारिंगी फळांचा शोध घ्यायला त्याला मान तीनदा फिरवावी लागली. तेव्हापासून त्याच्या पायांना उसंत नव्हती.

"बाबा, जरा दमानं! दाइशी काय बस पकडायला निघालेत?"

"वादळाच्या आत डोंगर ओलांडायचाय."

"वादळाच्या आत खालच्या धर्मशाळेत बसायचंय, असं शहाणी माणसं म्हणतात."

तो थांबला नाही. काठी पुढे टेकवत, चाचपत, झपझप चालत राहिला. प्रत्येक यात्रेकरूच्या हातात अशी काठी असते आणि काठी म्हणजे दाइशीच, असं मानतात. मुक्कामाला पोचल्यावर आपले पाय धुण्याआधी काठीचं टोक धुवायचं. आणि पुलावर काठी टेकवायची नाही. एकदा कुणी आसरा दिला नाही तेव्हा दाइशी पुलाखाली झोपले होते. त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून.

गावाबाहेरच्या सिमेंटच्या पुलावर तोकुजीने काठी उचलून बगलेत आडवी धरली, तशी शिओरी हसली. "इथं खाली कोण झोपलंय? इथं तर गटार आहे."

"ते कुठल्या पुलाखाली झोपले ते तुला माहीतंय? नाही ना? मग कुठल्याच पुलावर टेकवायची नाही."

तिने आपलीही काठी उचलली. इतर सगळीकडे ही काठी तोकुजीसाठी जमीन वाचायची: दगड, मूळ, चिखल, उतार. पुलावर तेवढा तो आंधळा व्हायचा. हे शिओरीच्या लक्षात आलं नव्हतं, आणि येऊ नये म्हणून तो पुलांवर मुद्दाम काहीतरी बडबडत राहायचा.

डोंगराच्या पायथ्याशी शेवटचं घर होतं. शिओरी नळावर बाटल्या भरायला गेली आणि घरातली कमरेत वाकलेली म्हातारी गरम रताळी घेऊन बाहेर आली. यात्रेकरूला कुणी काही दिलं तर नाही म्हणायचं नसतं. तोकुजीने दोन्ही हात पुढे केले.

"आणि निघालात कुठं असल्या हवेत?" म्हातारी म्हणाली. "वादळ म्हणजे काय जावई आहे, तुमच्या सोयीनं यायला?"

"वरच्या देवळापर्यंत जातो, आजी. तिथंच मुक्काम."

"मग घळीतल्या लाकडी पुलावर जपून. मधली फळी गेलीय. बघून पाऊल टाका."

"बघून टाकीन," तोकुजी म्हणाला.

शिओरी बाटल्या घेऊन आली. "काय म्हणत होत्या आजी?"

"रताळी गरम आहेत म्हणाल्या."

तिला कळलं असतं तर ती तिथूनच मागे फिरली असती. ती मागे फिरली तर तोही फिरणार, आणि मग ही वाट त्याला पुन्हा कधी दिसणार नव्हती. एक फळी. दिवसाउजेडी. तेवढं आपल्याला दिसेल, असं त्याने स्वतःला बजावलं.

चढ सुरू झाला. दोन्ही बाजूंना देवदारांची सरळ खोडं, मधून माणसाच्या खांद्यांएवढी रुंद वाट, आणि तिच्यावर शेकडो वर्षांच्या पावलांनी उघडी पाडलेली मुळं. वाटेवरच्या खुणा आणि बाण सरळ चालणाऱ्यांसाठी लावलेले. उलट जाणाऱ्याला प्रत्येक खुणेपाशी मागे वळून बघावं लागतं. ते काम शिओरीचं. ती दहा पावलं पुढे जायची, वळायची, बाण शोधायची आणि हाक द्यायची. तोकुजी त्या हाकेवर चालायचा. वारा अजून वरच्या शेंड्यांतच होता. खाली जंगल श्वास रोखून बसल्यासारखं गप्प होतं, आणि ती शांतताच त्याला टोचत होती.

मग पाऊस आला. थेंब नव्हेतच ते, पाण्याच्या दोऱ्या! वाटेचा ओढा झाला. एका वळणावर कडा सुटून आला होता आणि वाटेचा मोठा तुकडा खाली दरीत गेला होता. उरली होती ती वीतभर ओली माती.

"बास! परत फिरू!" शिओरी ओरडली.

"इथून परत जाणंही तितकंच लांब!"

"आपण किती वर आलोय ते मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

"मग कळतंय तर चल!"

ती दात-ओठ खात पुढे झाली. मुळं धरून, पोट मातीला घासत सरकली. तोकुजीही सरकला. त्याचा पाय एकदा सुटला. खाली दगड गडगडत गेले, आणि ते तळाला पोचल्याचा आवाज बराच वेळ आला नाही. दोघे पलीकडे पोचले आणि तसेच पुढे निघाले. ढग झाडांत उतरले होते. दुपारच होती, पण उजेड संध्याकाळचा झाला होता, आणि तोकुजीच्या खिडकीत आता नुसता राखाडी धूर भरला होता.

घळ आली ती आधी कानांना कळली. खाली पाणी गरजत होतं. पुढे लाकडी पूल. दोन ओंडके, त्यांवर आडव्या फळ्या, कठडा नाही.

"मी पुढे जातो," तोकुजी म्हणाला.

"का? एरवी मी जाते."

"मी म्हणतोय ना!"

पुलावर पाय ठेवण्याआधी त्याने काठी उचलली आणि बगलेत आडवी धरली. विचार करून नाही. हात आपोआप उठला. फळ्यांवर देवदाराचा ओला पाला पसरला होता. फळी, पाला, फट, सगळं एकाच रंगाचं. ज्या माणसाने निळीच्या कितीतरी छटा नुसत्या नजरेने वेगळ्या केल्या होत्या, त्याला आता लाकूड आणि पोकळी यांतला फरक कळेना. तो मान खाली घालून एकेक पाऊल टाकत गेला. एक. आणखी एक. फळी गेलीय ती मधली. मध्य कुठे?

पाय खाली गेला!

दुसराही गेला. छाती फळीवर आपटली. बगलेतली काठी आडवी भोकावर अडकली, आणि तोकुजी तिच्यावर लोंबकळत राहिला. पाय हवेत, खाली गरजणारं पाणी.

"बाबा!"

"येऊ नकोस! फळ्या कुजल्यात!"

ती आली. पालथी पडून, सरपटत. तिने त्याच्या यात्रेकरूच्या पांढऱ्या अंगरख्याची कॉलर धरली. ट्रकचं मागचं फळकं रोज उचलणारे हात ते! एक हिसडा, दुसरा हिसडा. तोकुजी कमरेपर्यंत वर आला, मग गुडघ्यापर्यंत, मग तिच्या अंगावरून लोळत तिच्या मागे कोसळला. काठी त्याच्या मुठीत होती. आणि त्याच क्षणी कडाड्! शिओरीच्या खालची फळी मोडली.

किंकाळी. मग पाणी. मग फक्त पाणी.

"शिओरी!"

उत्तर नाही. त्याने मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली. खिडकीत पाला, धूर, पाला.

"बाबा…!" आवाज आला. खालून, उतारावरून, ते आले होते त्याच काठाकडून. "झाडाला… धरलंय! लवकर!"

तोकुजी गुडघ्यांवर उठला. मागे दोन भोकं, पुढे कुजक्या फळ्या. काठ कुठल्या बाजूला आहे ते तिच्या हाकेवरून कळत होतं. पण तिथवर पोचवणारी फळी कुठली धड आणि कुठली कुजकी, ते डोळे सांगणार नव्हते. हातात काठी होती.

त्याने ती वर उचलली.

"माफ करा महाराज," तो मोठ्याने म्हणाला. "आज झोपायचं नाही!"

आणि त्याने पुलावर काठी आपटली. टण्! लाकूड धड. पुढे सरकला. धप्! कुजलेलं. काठी उजवीकडे. धप्! आणखी उजवीकडे. काहीच नाही, पोकळी! डावीकडे. टण्! तो ओंडका होता. तोकुजी त्यावर घोड्यासारखा बसला आणि सरकू लागला. आपट, ऐक, सरक. आपट, ऐक, सरक. अख्ख्या घळीत तो ठणठणाट घुमला. आयुष्यात कुठल्याही पुलावर त्याने काठी टेकवली नव्हती. आज त्याने इतकी बडवली की टोकाच्या चिरफळ्या उडाल्या.

काठीखाली दगड लागला. काठ!

"कुठं आहेस? बोलत राहा!"

"इथं! खाली या! मोठा खडक आहे… त्याच्यावर!"

तो बसून घसरत उतरला. खडक हाताला लागला. एका मुळाभोवती त्याने कमरेचं निळं कापड बांधलं, दुसरं टोक मनगटाला गुंडाळलं, खडकावर पालथा पडला आणि काठी पाण्यावर पुढे केली.

"अहो बाबा, तिकडे काय करताय? इकडे! माझ्याकडे बघा ना!"

"दिसत नाहीस!"

"समोर आहे मी! अख्खी समोर आहे!"

"नाही दिसत, पोरी! कडेचं काही दिसत नाही मला! तू सांग!"

पाणी गरजत राहिलं. मग आवाज आला तो वेगळाच. मालाच्या गोदामात मागे येणाऱ्या ट्रकला वळवताना तिचा लागायचा तसा, ठाम आणि लांबवर पोचणारा.

"डावी मारा. डावी. अजून डावी. आता सरळ. येऊ द्या… येऊ द्या… येऊ द्या… थोडी उजवी… येऊ द्या… बस!"

काठीला ओझं लागलं. तोकुजीने ओढलं. खांदा निखळतोय असं वाटलं. कापड ताणलं, मूळ करकरलं. त्याने पुन्हा ओढलं. आधी एक ओला हात त्याच्या मनगटावर आला, मग दुसरा, मग शिओरी खडकावर येऊन पडली, खोकत, पाणी ओकत आणि शिव्या घालत.

वाटेवर जरा खाली यात्रेकरूंसाठी बांधलेलं लाकडी छप्पर होतं. तिथपर्यंत दोघे जवळजवळ रांगतच आले. शिओरीचा गुडघा सुजून टमाट्यासारखा झाला होता. तिने तो निळ्या कापडाने आवळून बांधला. गाठ मारून झाल्यावर विचारलं,

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"मोतीबिंदू म्हणालात."

"काचबिंदू आहे."

"आणि ती फळी? तुम्ही पुढे का गेलात?"

तोकुजीने भिजलेलं रताळं सोलायचा प्रयत्न केला. "आजीनं सांगितलं होतं. तू नळावर होतीस."

तिने त्याच्या हातातलं रताळं हिसकावून जंगलात भिरकावलं. मग रडली. मग म्हणाली, "दोन होती ना? दुसरं द्या इकडे, भूक लागलीय."

पाऊस थोडा ओसरला. वरून, धुक्यातून, देवळाची घंटा ऐकू आली. खणखणीत आणि अगदी जवळ.

"नकाशात जंगलखात्याचा रस्ता आहे. इथून जवळूनच आजीच्या घराकडे उतरतो, आणि पुलाला वळसा घालून वरही जातो," शिओरी त्याच्याकडे न बघता म्हणाली. "मला आजीकडे सोडा. मी पडून राहीन. दमानं गेलात तर एकटे पोचाल. पुढचं पुढे बघू. एवढं चालून आलाय तुम्ही."

घंटा पुन्हा वाजली. तोकुजीचे पाय आताही निघायला उतावीळ होते. काल सकाळपासून ते असेच होते. रस्ता जातो हे खरं होतं. वरून पुढेही वाट जाते, आणि कुणीतरी समोरून येत असेल तर याच वाटेने येत असेल, हेही खरं होतं. त्याने घंटेच्या दिशेला तोंड केलं. राखाडी धुरापलीकडे काही नव्हतं.

"तुझ्या गुडघ्याला उद्या डॉक्टर लागेल," तो म्हणाला. "आणि मी एकटा गेलो तर तुला आणखी एकदा पाण्यात उतरावं लागेल. दोघंही खाली जाऊ."

"नक्की? नंतर मला आयुष्यभर ऐकवाल."

"ऐकवीन की."

शिओरीने त्याची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड हळूहळू फिरवलं. आधी एक खांब गेला, मग खुंटीला अडकवलेल्या त्याच्या गवती टोपीची फाटकी कड, मग काहीच नाही, आणि मग खिडकीत नीट, पूर्ण, तिचा चेहरा आला. ओठ निळे पडलेले, एका भुवईवर खरचटलेलं.

"दिसतंय?"

"हं. नाकावर चिखल आहे."

"बघून घ्या मग."

तोकुजीने बघून घेतलं. भुवई, गाल, दात. घाई केली नाही. वर घंटा वाजत होती, ती थांबली, तरी तो बघत होता.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं," तो म्हणाला, आणि तिचा हात आपल्या खांद्यावर टाकून उठला. "चल. पुढे मूळ आहे का दगड, सांग."

"मूळ. मोठं. पाय उचला."

पाऊस पुन्हा जोराने सुरू झाला होता. दोघे उतरणीला लागले.