दुसरी साक्ष

आदिवाणी केंद्राबाहेर आता भाषेच्या अभ्यासकांपेक्षा पोरक्या माणसांचीच रांग मोठी असे. खरं तर तिथलं यंत्र बांधलं होतं वेगळ्याच कामाला. मराठीत दात, फारसीत दंदान, लिथुआनियनमध्ये दान्तिस. हजारो वर्षांपूर्वी पांगलेल्या या बहिणींचे शब्द ताडून पाहून, त्यांच्या आईची कुणीच लिहून न ठेवलेली भाषा ते यंत्र बोलून दाखवी. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, हेच माणसांच्या आयांचं का करू नये? भावंडांच्या बोलण्यातलं सारखं तेवढं वेचायचं आणि गेलेल्या आईचं बोलणं पुन्हा उभं करायचं. त्याला 'मायवाणी' म्हणत.

वेंगुर्ल्याचा विश्राम आरोलकर साठीला आला होता. आई गेली तेव्हा तो शाळेत होता आणि तिचा आवाज कुणीही टिपून ठेवलेला नव्हता. आपल्या थोरल्या बहिणीला, रत्नप्रभाताईला, घेऊन तो केंद्रात आला होता. दोघांनी आपापलं बोलणं, आईच्या आठवणींसकट, यंत्राला ऐकवलं.

"इलंस? बस हंयसर. जेवलंस मां?" यंत्र म्हणालं.

हुबेहूब आई! ताईने पदर तोंडाला लावला. विश्राम मात्र वाट बघत राहिला. सुट्टी संपून तो कोल्हापूरच्या वसतिगृहाला निघाला, की आई परसात त्याच्या डोक्याला तेल चोळताना म्हणायची, "माझ्या आमसुला." काळा, किडकिडीत, सदा आंबट तोंडाचा पोरगा तो. ती हाक एकदा ऐकायची म्हणून तर त्याने एवढा खटाटोप केला होता.

"ती हाक येणार नाही," डॉ. हेमांगी लोटलीकर म्हणाल्या. केंद्राच्या त्या प्रमुख. "भाषा असो की भावंडं, एकाच बहिणीकडे सापडलेला शब्द आम्ही आईचा धरत नाही. तो त्या बहिणीने मागाहून घेतलेला असू शकतो. दुसरी साक्ष लागते."

"म्हणजे आईने मला एकट्याला दिलं ते आईचं नाहीच?"

"होतं असेल. पण शास्त्राला दिसत नाही."

विश्राम बाहेर बाकावर येऊन बसला. त्याला रडू आवरेना.

"गप रे," ताई म्हणाली. "मी सांगतंय त्येंका. आये माका पण तशीच हाक मारी म्हणान."

"ताई, तुला ती कधी..."

"नाय मारूक. म्हणान काय झाला?"

ती आत गेली आणि बेधडक खोटं बोलून आली. दोघांना पुन्हा आत बोलावलं. यंत्राने सगळं नव्याने ताडून पाहिलं. मग आईचा आवाज आला. "ये गो रत्ना. ये माझ्या आमसुला."

ताई बसल्या जागी थिजली. आईने तिला जन्मभर कामं सांगायलाच हाक मारली होती. चूल पेटव, पाणी भर, विशूला सांभाळ. सत्तरीची ती बाई हळूच "ओ" म्हणाली.

"नोंद पक्की करायच्या आधी विचारते," डॉ. लोटलीकर म्हणाल्या. "आई दोघांनाही 'आमसुला' म्हणायच्या ना?"

विश्रामने ताईकडे पाहिलं. ती लहान मुलीसारखी यंत्राच्या तोंडाकडे बघत होती.

"हो," तो म्हणाला. "दोघांनाही."

घरी परतल्यावर त्याने डोळे मिटून परसातली आई आठवून पाहिली. आई दिसली, तेलाचा वास आला, हाकही ऐकू आली. पण आई बघत होती ताईकडे.