मधल्या जोडातली फट

"हळू हं... तुमच्याकडचं टोक पळतंय!"

"टोक पळत नाहीये, तुम्ही रेंगाळताय," मी वळूनही न बघता म्हणाले. तुळई खांद्यावर होती, वळणार तरी कशी?

खाली ठेवली तेव्हा वळले. आणि... जरा जास्तच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. केसांत भुसा, नाकावर घसरलेला चष्मा. चष्म्यांचं दुकान चालवणारा माणूस, आणि स्वतःचाच चष्मा धड बसत नव्हता!

"एरवी काय करता तुम्ही?" त्यानं विचारलं.

"लोकांचे दात काढते."

"तरीच सगळे तुमच्यापुढे तोंड मिटून असतात."

संग्रहालयाच्या मोठ्या दालनात आम्ही हौशी मंडळी लाकडी पूल उभारत होतो. जुन्या पद्धतीचा, एकही खिळा नसलेला. मिस्त्रीकाकांनी दोन तुकड्या पाडल्या. खिडकीकडची अर्धी कमान माझ्याकडे, दाराकडची त्याच्याकडे. खाली टेकू. मध्ये दोन्ही टोकं भिडली की टेकू काढायचे, मग दोन्ही बाजू एकमेकींना रेटून उभ्या राहणार. नाही राहिल्या, तर मधोमध कायमचा लोखंडी खांब! तो मला स्वप्नातही नको होता.

महिनाभर आम्ही मनसोक्त भांडलो. रोज दुपारी तो न विचारता माझा भुशानं माखलेला गॉगल उचलायचा, स्वतःच्या रुमालानं पुसायचा आणि गुपचूप जागेवर ठेवायचा.

"दाढ दुखतेय का? सारखा गाल धरताय," मी एकदा विचारलं.

"दाढ नाही... तुम्ही बोलायला लागलात की हसू आवरावं लागतं."

त्याच्या तुकडीत त्याची आत्याही होती. ती लाकडी खुंट्या घासायची आणि आमच्याकडे बघायची. खुंट्यांकडे कमी, आमच्याकडे जास्त.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी शेवटच्या दोन तुळया वर चढवल्या, आणि त्या एकमेकींवर आपटल्या. मध्ये अर्धं बोट लाकूड जास्त होत होतं.

"तुमची लांब झालीये," तो म्हणाला.

"माझी? मी रेघेवर कापलीये!"

"मीही रेघेवरच कापलीये. मी केसभरसुद्धा तासणार नाही."

"मग मी तरी का तासू?"

तुळया खाली उतरवल्या आणि आम्ही तोंडं फिरवून दोन दरवाजांनी बाहेर पडलो. खरं तर त्या संध्याकाळी मी त्याला सगळं सांगून टाकणार होते. उद्या पूल झाला की जो तो आपापल्या वाटेनं जाणार. मग मी भांडायला जायचं कुणाकडे? चष्मा नसताना चष्म्याच्या दुकानात?

सकाळी सगळ्यांच्या आधी आले. रंधा घेतला आणि माझ्या तुळईचं टोक अर्धं बोट तासलं. राग कुठेच सापडेना. उलट मी गुणगुणत होते...

मंडळी जमली. दोन्ही तुळया वर गेल्या. आणि काल जिथे अर्धं बोट लाकूड जास्त होतं, तिथे आज अर्ध्या बोटाची फट!

संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या, "खांब मागवू का?"

"कुणी तासलं?" मिस्त्रीकाका गरजले.

"मी," मी म्हणाले.

"मी," तोही म्हणाला. त्याच क्षणी.

"काल सगळे गेल्यावर परत आला होता हा," आत्यानं खुंटी खाली ठेवली. "म्हणे, तिनं इतकं जीव लावून कापलंय, तिला कशाला तासायला लावू? आणि मघाशी मला म्हणतो, आत्या, तू गप्प बसायचं!"

"आत्या!" त्याचे कान लालबुंद झाले होते.

मला हसू आलं. आणि एकदम जगातलं काहीही जमेल असं वाटायला लागलं.

"खांब नको," मी म्हणाले. "फटी बुजवणं माझं रोजचं काम आहे. काका, कडक लाकडाचा एक तुकडा द्या."

मी पाचर घडवायला बसले. तो दिवा धरून शेजारी बसला.

"नीट बसेल ना?" मी विचारलं.

"एकदम नीट."

"पाचरीकडे बघून सांगा."

"हो... पाचरीकडेच." अजिबात नाही!

काकांनी हातोड्याचे घाव घालून पाचर बसवली. मग एकेक टेकू निघाला. शेवटचा निघाला तेव्हा पूल करकरला, अंगभर शहारला, किंचित खाली बसला... आणि थांबला. उभा! आपला आपण!

टाळ्या ओसरल्यावर काका आम्हा दोघांकडे बघून म्हणाले, "घोळ तुम्ही घातलात, आता आधी तुम्हीच चढा."

मी खिडकीकडून चढले, तो दाराकडून. मधोमध, पाचरीवर, समोरासमोर आलो.

"मी जरा... म्हणजे मला असं..." त्यानं सुरुवात केली.

"मला तू आवडतोस," मी सांगून टाकलं. "आणि यापुढे तासायच्या आधी मला विचारायचं."

"यापुढे?" त्याचा चष्मा पार नाकाच्या टोकावर आला होता. मी तो बोटानं वर सरकवला. त्यानं माझा हात तिथेच धरून ठेवला.

"अरे, उतरा की आता!" खालून आत्या ओरडली.

"थांब गं," तो माझ्यावरची नजर न हलवता म्हणाला, "दोघांचं वजन पेलतोय का, ते नीट बघू दे. वेळ लागेल जरा..."