पाणबुडीवाल्याचा दसरा

"हे कुणाला पटणार नाही. पटलं, तर मी मिशा उतरवीन!"

निशिकांतकाकांची प्रत्येक गोष्ट या पैजेनं सुरू होते. कोल्हापुरात नदी उलटी वाहताना त्यांनी पाहिली, साताऱ्याच्या घाटात बिबळ्यानं त्यांच्याकडे वाट विचारली. मिशा अजून जागच्या जागी आहेत.

शनिवारची संध्याकाळ. सिंगापूरच्या बुकित पंजांगमधला बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट. समोर संजीव बसला होता. काकांच्या मुलाचा मित्र. जुरोंग ईस्टला नोकरी, आणि युद्धातल्या जुन्या वस्तू जमवायचा नाद. आदल्याच दिवशी दसरा झालेला. आपट्याची पानं इथे कुठली? त्याच्या बायकोनं, मेधानं, सोनेरी कागदाची कापून दिली होती. ती काकांच्या हातावर ठेवून तो पाया पडला आणि म्हणाला, "काका, माझी वही?"

"देतो रे. आधी गोष्ट ऐक," काका म्हणाले. खरं तर त्यांना वेळ काढायचा होता.

वही म्हणजे एका जर्मन नौदल अधिकाऱ्याची रोजनिशी. युद्धाच्या अखेरीला जर्मन पाणबुड्या जपान्यांच्या आसऱ्यानं सिंगापूरला येऊन थांबत. हा त्यांतल्याच एकीवरचा. पाणबुडी पुढच्या फेरीला गेली ती परतली नाही. वही तेवढी किनाऱ्यावर राहिली. संजीवनं ती लिलावात घेतली खरी, पण मग त्यालाच राहवेना. चिकाटीनं शोध घेत त्यानं त्या माणसाची मुलगी गाठली. बाप गेला तेव्हा ती पाळण्यात होती, आता सत्तरीची. उद्या, रविवारी, ती वही न्यायला येणार होती. तिचं मागणं एकच: आहे तशी द्या. बाबांनंतर कुणाच्या बोटाचा डाग तिच्यावर नको.

पण नवरात्रात मेधानं ती घरात ठेवू दिली नाही. "घट बसलेत. बुडालेल्या माणसाची वस्तू मला नको इथे." तेव्हा काकांनी छाती ठोकली होती, "आण माझ्याकडे! भुतं मला टरकतात. डाग पडला तर नावाचा निशिकांत नाही." संजीवनं वहीबरोबर पांढरे सुती हातमोजेही दिले. हात लावायचा तर हे घालूनच.

काकांनी ती पुस्तकांच्या कपाटात ठेवली.

एक-दोन दिवस काही नाही. मग घरात डिझेलचा वास येऊ लागला. "खाली बस उभी असेल, बाबा," सून राधिका म्हणाली. बाराव्या मजल्यापर्यंत? आणि डिझेलच्या मागून दुसराच एक वास यायचा, ओल्या लोकरीचा. इथे बारा महिने घाम गळतो. लोकर कोण घालतं?

नंतर हॉलमधल्या वेताच्या खुर्चीची बैठक सकाळी दमट लागू लागली. वाळल्यावर तिच्यावर मिठाची पांढरी कड उरायची.

एका दुपारी काका चहा करत होते. खिडक्या बंद होत्या. ओट्यावरच्या आकड्यांना टांगलेले झारे आणि पळ्या हलत होत्या. सगळ्या एकदम, सावकाश. एका बाजूला झुकायच्या, थबकायच्या, मग दुसऱ्या बाजूला. जणू सगळं स्वयंपाकघरच लाटेवर होतं. काका पाहत राहिले आणि दूध उतू गेलं. सुनेत्राकाकू आल्या, गॅस बंद केला, पळ्यांकडे एकदा पाहिलं आणि ओटा पुसू लागल्या.

मग शुक्रवारी दसरा. राधिका ऑफिसला जाताना लॅपटॉप ठेवून गेली, "बाबा, यालाही पुजा, पण की-बोर्डवर पाणी नको हं!" काका पाटीपूजेला बसले. पाटीवर सरस्वती काढली आणि तिच्यापुढे पुस्तकं मांडली. काकांच्या वडिलांचा दंडक होता, दसऱ्याला घरातलं एकही पुस्तक पूजेवाचून ठेवायचं नाही. रेल्वेचं वेळापत्रकसुद्धा पुजलं जायचं. साठ-पासष्ट वर्षांची हाताची सवय. कपाटातल्या चळती उचलून पाटावर आल्या आणि त्यांबरोबर तीही आली.

काकांनी डोळे मिटून श्लोक सुरू केला. अनामिका कुंकवात बुडवायची, पुस्तकाला टेकवायची. एक झालं की पुढचं. मोजे कुठले? मोजे घालून कुणी पूजा करतं का?

एका ठिकाणी बोटाला पुठ्ठा लागला नाही.

कोमट लागलं. किंचित ओलसर.

श्लोक मध्ये तोडू नये म्हणून काकांनी डोळे उघडले नाहीत. निदान कारण त्यांनी स्वतःला तेच दिलं.

उघडले, तेव्हा चळतीच्या टोकाला ती राखाडी वही दिसली. लावलं! बाईच्या बापाच्या वहीला कुंकू लावलं!

त्यांनी वाकून पाहिलं. लॅपटॉपवर टिळा होता. बाकीच्या एकूणएक पुस्तकांवर होता. वही कोरी होती.

आपल्याला मोतीबिंदू आहे, दिसत नसेल, असं म्हणत त्यांनी रात्रभर कूस बदलली.

आणि आता संजीव म्हणत होता, "काका, गोष्ट मागाहून. वही आणा बरं."

काकांनी आणली. संजीवनं मोजे चढवले, मोबाईलच्या उजेडात पुठ्ठा पाहिला, कडा पाहिल्या, पानन् पान उलटलं.

"व्वा, काका! जशीच्या तशी."

काकांचा जीव भांड्यात पडला. राधिकानं पुन्हा चहा टाकला. इतकं सुटल्यावर दुसरा एखादा गप्प बसला असता. पण काकांची जीभही सुटली.

"जशीच्या तशी का राहिली, ते ऐक! पूजा चालली होती. बघतो तर पाटासमोर साडेसहा फुटी गोरा! छातीपर्यंत दाढी. मला खाडकन सलाम ठोकला. म्हटलं, बस बाबा, सणाचा आलायस. दोन वाट्या श्रीखंड ओरपलं पठ्ठ्यानं! मग करंड्यात स्वतःचं बोट बुडवलं आणि कपाळाला टिळा लावून—"

संजीव खो खो हसत होता. राधिकाला ठसका लागला.

"खोटं," सुनेत्राकाकू म्हणाल्या. त्या स्वयंपाकघराच्या दारात शेंगा सोलत बसल्या होत्या. मान वर न करता पुढे म्हणाल्या, "दाढी नव्हती त्याला. पोरगेलासा होता, तुमच्या खांद्याएवढा. श्रीखंडाला तर हातही लावला नाही. आणि कुंकू तुम्हीच लावलंत, डोळे मिटून. त्यानं नुसती टोपी काढून कपाळ पुढे केलं."