कमी पडलेली वीज

विजेच्या मोटरसायकली दुरुस्त करणाऱ्या माणसाचा अर्धा जन्म गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणण्यात जातो. कोणी नवी मोटर काखोटीला मारून येतो, कोणी दुप्पट मोठी बॅटरी उचलून आणतो, आणि मागणी सगळ्यांची एकच: एवढं बसवून द्या, गाडी वाऱ्यासारखी पळाली पाहिजे. ताई अशा माणसाला आधी बाकावर बसवायची, पाणी द्यायची आणि मग, लांब केस डाव्या खांद्यावरून पुढे घेऊन वेणी घालता घालता, नाही म्हणायची. वर्कशॉप तिचं होतं, एका शटरचं, मागे राहायच्या दोन खोल्या. रस्त्यावरचे सगळे तिला ताईच म्हणायचे, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा.

तिचं म्हणणं सरळ होतं. बॅटरी म्हणजे अंथरूण आणि कंट्रोलर म्हणजे पाय. मूठ पिळली की बॅटरीतून किती वीज ओढायची आणि मोटरला किती द्यायची, हे ठरवणारी पेटी म्हणजे कंट्रोलर. ती पेटी झेपेल त्याहून जास्त ओढायला लागली की बॅटरी स्वतःचा जीव वाचवायला वीज तोडते आणि गाडी जागच्या जागी मरते. म्हणून आधी बॅटरी बघायची, मग तिला झेपेल असा कंट्रोलर आणि शेवटी त्याला साजेशी मोटर. उलट्या क्रमाने निघालेला माणूस हमखास गाडी ढकलत परत येतो.

उलट्या क्रमाने निघणाऱ्यांत पहिला नंबर तिच्या सख्ख्या धाकट्या भावाचा. त्याला घरीदारी भिंगरीच म्हणत, कारण एका जागी बसेल तर शपथ. टेकडी चढायच्या शर्यतीत गेल्या वर्षी शेवटच्या वळणावर त्याच्या बॅटरीने वीज तोडली होती. सगळ्यांच्या पुढे असलेला हा वीर सगळ्यांच्या शेवटी, पायी, वर पोचला. तेव्हापासून त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं, आणि यंदाची शर्यत आता रविवारवर आली होती.

आठवड्याच्या सुरुवातीलाच तो जॅकेटाखाली काहीतरी लपवून दुकानात आला.

"बॅटरी आहे तीच ठेव. मोटर आहे तीच ठेव. फक्त हा बदल."

करड्या रंगाची, उष्णता बाहेर जायला अंगावर फण्या असलेली पेटी होती. कंपनीचं नाव नाही, नंबर नाही, एवढंच काय, स्टिकर काढल्याचा चिकट डागही नाही. हातात घेतल्यावर ती धातूसारखी गार लागली नाही, चांगली कोमट होती. पण तो तिला पोटाशी धरून आला होता, तेव्हा त्यात नवल ते काय, असं ताईला वाटलं.

"कुठून आणलास?"

"पुलापाशी पार्टवाला बसतो ना, त्याच्याकडून."

ताईने पार्टवाल्याला फोन लावला. तसा तो बोलघेवडा माणूस, एक विचारलं की दहा सांगणारा.

"किती अँपिअरचा आहे हो तो?"

"लागतील तेवढे," तो म्हणाला.

"म्हणजे काय? आमच्या बॅटरीला ऐंशीच्या वर झेपत नाही."

"झेपायचा प्रश्न नाही ताई. तो जुळवून घेतो." मग त्यानेच उलट विचारलं, "गाडीवर बसणार कोण आहे?"

"माझा भाऊ."

"बरं," म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला.

इथे ताईने जे केलं ते कुठल्याही मोठ्या बहिणीने केलं असतं, असं ती पुढे स्वतःला बजावत राहिली. वाद घालून भिंगरी ऐकणारा नव्हता. तेव्हा तिने तो कंट्रोलर निमूटपणे बसवला आणि त्याची ओढ ऐंशीवर न बांधता मुद्दाम दीडशेवर ठेवली. बॅटरीच्या संरक्षणाला हात लावला नाही, म्हणजे धोका काही नव्हता. पहिल्याच चढावर गाडी मरेल, हा तोंड पाडून ढकलत येईल आणि मग रविवारपर्यंत तरी माझं ऐकेल, असा तिचा हिशेब होता. ठेच लागल्याशिवाय शहाणपण येत नसेल तर लागू दे ठेच.

भिंगरी टेकडीवर जाऊन आला तो गाडीवर बसूनच, हेल्मेट काढायच्या आधीच ओरडत.

"ताई! एकदाही तोडली नाही! शेवटचं वळण तर असं घेतलं, जणू मागून कोणी ढकलतंय."

ताईला तोंडात मारल्यासारखं झालं. तिने बॅटरी तपासली. एवढा चढ चढून गेल्यावर ती निम्म्याच्या खाली यायला हवी होती, तर जेमतेम पाव भाग उतरली होती. मोटरला हात लावला, तीही फारशी तापलेली नव्हती. मग तिचं लक्ष भावाकडे गेलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"काय रे, बरं वाटत नाही का?"

"चढताना जरा दम लागतो. उतरताना पुन्हा बरं वाटतं."

"दम गाडीला लागतो की तुला?"

तो हसला आणि पाणी पिऊन परत टेकडीकडे गेला. आठवडाभर त्याचं हेच चाललं होतं. घरात आईला आधी कळलं. आयांना आधीच कळतं.

"अगं, हा खातोय ते जातंय कुठे? दोघांचं एकटा जेवतोय आणि गालफडं बघ कशी आत गेलीत."

"सरावाने होतं गं आई," भिंगरी म्हणाला. बोलता बोलता त्याचं घड्याळ मनगटावरून घसरून थेट कोपरापर्यंत गेलं. त्याने ते परत मनगटावर आणलं आणि आणखी वाढायला सांगितलं.

 ताईने त्याच्या हाताला हात लावला, तर हात गारढोण पडलेला. पण ती यंत्राची माणूस. यंत्रात काही चुकत असेल तर ते मोजता येतं, ही तिची श्रद्धा.

शुक्रवारी दुपारी तिने गाडी स्टँडवर चढवली, मागच्या चाकाला घासणारा रोलर लावला म्हणजे चढावरच्यासारखा जोर पडेल, आणि भिंगरीला वर बसवलं. बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंत एकच जाड वायर जात होती, हातभर लांब, मध्ये कुठे जोड नाही की फाटा नाही. तिने वायरच्या दोन्ही टोकांना एकेक मीटर लावला.

"पीळ."

बॅटरीकडच्या टोकाला ऐंशी. कंट्रोलरकडच्या टोकाला दीडशे.

इथेच घोडं पेंड खात होतं. पाइपात एक बादली पाणी सोडावं आणि दुसऱ्या टोकाने दोन बादल्या निघाव्यात, तसला हा प्रकार. तिने मीटरची अदलाबदल केली. आकडे तेच. मग भिंगरीला खाली उतरवलं आणि बाजूला उभं राहून स्वतः मूठ पिळली. खट्ट आवाज झाला, बॅटरीने वीज तोडली, चाक थांबलं. जे पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं ते आता झालं होतं.

तिने भावाला पुन्हा बसवलं. पुन्हा ऐंशी आणि दीडशे. चाक मजेत फिरत होतं. भिंगरीच्या कपाळावर घाम होता, आणि तो घाम गार होता.

गाडीवर स्वतः बसून बघायचं तिच्या मनात आलं, पण छाती झाली नाही.

"उतर. रविवारी ही गाडी जाणार नाही."

"का?"

 एरवी गिऱ्हाइकाला पटवून पटवून सांगणारी ताई नुसती बॅटरीचे नटबोल्ट काढायला लागली.

"मागच्या वर्षी सगळे हसले मला," भिंगरी म्हणाला. "तूही हसलीस. तोंड फिरवून हसलीस, पण हसलीस."

"हसले असेन. तू धडधाकट राहा, पुन्हा हसेन."

तिने बॅटरी उचलून टेबलावर ठेवली. गाडीच्या पोटात नुसता खोका उरला आणि वायरीची दोन टोकं लोंबत राहिली. आता कोण काय ओढणार, असं म्हणून ती मागे मोरीत हात धुवायला गेली. साबण लावेपर्यंत तिला चाकाची गुणगुण ऐकू आली.

ती तशीच फेसाळ हातांनी धावली.

बॅटरी टेबलावर होती. भिंगरी गाडीवर होता. चाक फिरत होतं.

"ताई, बघ," तो अगदी हळू म्हणाला. "बॅटरीशिवाय."

हँडलवरचा पडदा उजळला होता. वीज शंभरातली किती शिल्लक आहे ते तिथे दिसतं. अकरा, असा आकडा होता.

"उतर खाली."

"एक मिनिट गं."

दहा.

तिने त्याचा दंड धरला. तो मूठ सोडेना. सोडेना म्हणजे, त्याला सोडता येत नव्हती. तिने एकेक बोट उकलून काढलं.

सात.

तिने त्याला खाली ओढला. तो इतका हलका होता, की दोघंही मागच्या मागे पडली. पडदा विझला. चाक मात्र बराच वेळ फिरत राहिलं.

आई धावत आली. शेजारच्या इमारतीतल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी नाडी बघितली, छाती तपासली, पापण्या उचलून पाहिल्या आणि पुन्हा नाडी बघितली.

"तसं सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "फक्त कमी आहे."

"काय कमी आहे?" आईने विचारलं.

"सगळंच. थोडं थोडं सगळंच." आपल्याच बोलण्याने ते गोंधळले. "ॲम्ब्युलन्स मागवतो. इथे आत रेंज नाही माझ्या फोनला." ते बाहेर रस्त्यावर गेले.

भिंगरीच्या दोन श्वासांमधलं अंतर वाढत होतं. ताई ते अंतर ऐकत बसली.  त्याला धडा शिकवायला दीडशेवर ओढ ठेवली होती ती तिनेच.

उतरताना पुन्हा बरं वाटतं, असं तो म्हणाला होता.

उतारावर ब्रेक दाबला की मोटर उलटं काम करते. फिरणाऱ्या चाकाला रोखते आणि त्या जोरातून वीज बनवून आली तिथे परत घालते. हे तिने हजार गिऱ्हाइकांना सांगितलं असेल.

"आई, याला उचल. गाडीवर बसवायचाय."

"वेड लागलंय का तुला?"

"उचल म्हणते ना!"

त्याला गाडीवर बसवला. आईने मागून कव घालून त्याला धरलं आणि ताईने दाखवला तसा ब्रेकचा खटका दाबून ठेवला. पडदा उजळला.

तीन.

ताईने रोलर बाजूला सारला, मागचं चाक दोन्ही हातांनी धरलं आणि फिरवलं. ते एरवी बोटाने फिरायचं. आता चिखलात रुतल्यासारखं जड होतं. तिने अंगाचा सगळा भार घालून एक फेरा काढला, दुसरा काढला.

तीनच.

तिने फिरवलं. खांदे भरून आले, तळहात सोलवटले. फिरवत राहिली.

चार.

"ताई," आई म्हणाली, "त्याने श्वास घेतला."

मग ती थांबलीच नाही. आकड्याकडे बघायचंही तिने सोडलं. आईच तेवढी अधूनमधून आकडा सांगत होती, आणि तो चढत होता. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा भिंगरीच्या गालांवर रंग होता. ताईने चाक सोडलं आणि ती जमिनीवर बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आपण का रडतोय, ते आठवायला तिला थोडा वेळ लागला.

हॉस्पिटलात सगळ्या तपासण्या झाल्या. काहीही निघालं नाही. अशक्तपणा आहे, म्हणाले, झोपू द्या. त्याच संध्याकाळी ताईने दुकानात जाऊन ती पेटी गाडीवरून उतरवली आणि घण घालून फोडली. आत नेहमीची हिरवी पट्टी होती, नेहमीचे सुटे भाग होते. एखाद्या शिकाऊ पोरानेही ओळखले असते असे.

शनिवारचा दिवस भिंगरीने झोपून काढला. रविवारी सकाळी वॉर्डात ऊन आलं तेव्हा आई खुर्चीत पेंगत होती आणि ताई, केस तसेच मोकळे ठेवून, पलंगाच्या कडेला बसून होती. शर्यत सुरू व्हायची वेळ झाली होती. हा उठला की आधी तेच विचारणार, रडणार, भांडणार, म्हणून ती मनातल्या मनात शब्द जुळवत होती.

भिंगरीने डोळे उघडले. चेहरा भरला होता, हात गरम होते. तिने देवाचे आभार मानले.

"कसं वाटतंय रे?"

"छान." त्याने शर्यतीचं विचारलं नाही. शांतपणे उठून बसला, इतका शांत तो आयुष्यात कधी बसला नव्हता. आईच्या अंगावरची शाल घसरली होती, ती त्याने नीट केली.

मग त्याने दोन्ही हात मानेमागे नेले, नसलेले लांब केस डाव्या खांद्यावरून पुढे घेतले आणि खिडकीबाहेर बघत, सवयीच्या बोटांनी, हवेत तीन पेडांची वेणी घालायला लागला.